जिल्हा होईपर्यंत थांबा

तीस वर्षं मी एका खिडकीमागे बसले. खिडकीवर 'विद्यार्थी विभाग' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली 'अपूर्ण अर्ज स्वीकारले जाणार नाहीत'. ही दुसरी ओळ मी स्वतः उभं राहून रंगवून घेतली होती. कॉलेज मेडिकलचं, खाजगी संस्थेचं, नांदेड आणि लातूरच्या मधल्या रस्त्यावरचं. नाव लिहीत नाही, कारण आमच्या संस्थापकांचं नाव नुसतं लिहून चालत नाही. त्याच्या आधी चार आणि नंतर तीन विशेषणं लावावी लागतात, आणि संपादकांनी मला पानं मोजून दिली आहेत.

पोरं मला समोर 'मॅडम' म्हणायची आणि पाठीमागे 'शिक्काबाई'. मला दोन्ही चालायचं. डॉक्टर व्हायला आलेल्या पोराला वाटतं की आपल्याला हाडं, रक्त, औषधं शिकायची आहेत. पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं की त्याआधी बोनाफाईड शिकायचं आहे. मग गुणपत्रकाची साक्षांकित प्रत, मग चारित्र्याचा दाखला, शेवटी इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. माझ्याकडे दोन शिक्के होते, एक गोल आणि एक आडवा. आडवा कुठेही मारता येतो. गोल मात्र प्राचार्यांच्या सहीवर, थोडा सहीला स्पर्श करून, थोडा बाजूला असा मारायचा असतो. सही पूर्ण झाकली गेली तर समोरचा बाबू कागद परत करतो आणि अजिबात स्पर्श केला नाही तरीही करतो. हे कौशल्य मला यायला दोन वर्षं लागली. माझ्या टेबलावरून गेलेला एकही अर्ज त्रुटी निघाली म्हणून परत आला नाही, हे मी निरोपसमारंभातही सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांबद्दल पुढे सांगेन.

अर्ज कसा भरायचा हे सगळेच विचारतात. केव्हा भरायचा हे विचारणारे थोडे. पण त्या थोड्यांनी माझं डोकं खाल्लं, आणि त्यातही सगळ्यात जास्त खाल्लं ते 'दोन्ही एकदम' वाल्यांनी.

हे दोन्ही एकदम काय ते सांगते, कारण आमच्या घरातही ते कोणाला कळलं नव्हतं. एमबीबीएस झालेला डॉक्टर पुढे एम.डी. करतो, ती पेशंटला बरं करायला. पीएच.डी. करतात ती पेशंट मुळात आजारी का पडला हे शोधायला. देशातल्या काही मोजक्या मोठ्या संस्था ही दोन्ही कामं एकाच माणसाकडून एकाच वेळी करून घेतात. पाच-सहा वर्षं जातात. वॉर्डातून सुटलं की प्रयोगशाळा, प्रयोगशाळेतून सुटलं की वॉर्ड. जागा बोटांवर मोजण्याइतक्या. आणि अर्ज कधी करायचा याचं उत्तर कोणालाच माहीत नाही. इंटर्नशिप चालू असतानाच केला तर मुलाखतीत विचारतात, तुम्हाला संशोधनाचा अनुभव काय? अनुभव घेऊन दोन वर्षांनी गेलात तर विचारतात, दोन वर्षं कुठे होतात? आधी एम.डी. उरकून गेलात तर म्हणतात, आता एकत्र कशाला, नुसती पीएच.डी. करा. थोडक्यात, योग्य वेळ ही एकच असते आणि ती नेहमी होऊन गेलेली असते किंवा यायची असते.

आमचे विभागप्रमुख या बाबतीत मोठे जाणकार समजले जायचे. शिफारसपत्र त्यांच्याकडून लागायचं. त्यांच्या संगणकात एकच पत्र होतं आणि त्यात फक्त नाव बदलायचं. आमच्या कॉलेजातून बाहेर गेलेला प्रत्येक विद्यार्थी त्यांच्या कारकिर्दीत पाहिलेला सर्वांत हुशार विद्यार्थी होता. अर्ज केव्हा करू असं विचारलं की ते खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "वेळ आली की मी सांगतो." त्यांचा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध मी नोकरीला लागले तेव्हा शेवटच्या टप्प्यात होता, आणि मी निवृत्त झाले तेव्हाही शेवटच्या टप्प्यातच होता.

या रांगेतलं पहिलं गिऱ्हाईक मला अजून आठवतं. लातूरच्या गंजगोलाईत साड्यांचं दुकान असलेले मल्लिनाथअप्पा. आमच्यातलेच, ओळखीतले. मुलगा विशाल, इंटर्नशिप चालू असलेला, त्यांच्यामागे मान खाली घालून उभा.

"मॅडम, एम.डी.च्या संगट पीएच.डी. बी देतेत मनं?" अप्पांनी विचारलं.

"देतात. पण संशोधनाची आवड लागते."

"आवड लागंल की तितं गेल्यावर. साडीवर ब्लाऊजपीस यायलंय, मंग न्हाई कामून मनायचं?"

विशालला काय हवं आहे हे मी विचारलं. त्यानं अप्पांकडे बघितलं. पुढचं मी विचारलं नाही.

केव्हा अर्ज करायचा हा प्रश्न अप्पांनी माझ्यावर सोडला नाही. त्यांच्या महाराजांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, गुरुवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. अर्ज ऑनलाइन. घरचं इंटरनेट भरवशाचं नाही म्हणून अप्पा नारळ आणि मुलगा घेऊन माझ्या ऑफिसात आले. अकरा बेचाळीसला विशालनं बटण दाबलं आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तो फिरत राहिला. बहुतेक देशभरातल्या महाराजांनी तीच वेळ काढून दिली असावी. अप्पांनी संगणकाला हळद-कुंकू लावलं, मी ते पुसून काढलं, आणि शेवटी अर्ज गेला तो पावणेतीनला, भर राहुकाळात. अप्पा इतके घाबरले की नारळ तिथंच विसरून गेले. आम्ही तो ऑफिसात फोडून खाल्ला.

विशालची निवड झाली. अप्पा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, महाराजांचा शब्द खोटा जात न्हाई. विशालनं पुढे दोन वर्षांत पीएच.डी. सोडली, एम.डी. तेवढी घेतली आणि आता लातुरात त्याचं हॉस्पिटल आहे. पाटीवर 'हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर' लिहिलंय. आमच्याकडे तसं सगळ्याच हॉस्पिटलांवर लिहिलेलं असतं. रिसर्च बहुधा समोरच्या हॉस्पिटलनं सोनोग्राफीला किती घेतले याचा चालतो. विशाल भेटला की अजूनही मान खालीच असते. पोरगा वाईट नाही. त्याच्या जागेवर दुसरं कोणी बसू शकलं असतं एवढंच माझ्या मनात येतं.

हे मनात यायला कारण आहे, आणि त्याच कारणासाठी मी हा लेख लिहायला हो म्हणाले.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. लोक स्टेशनवर गाडीसोबत फोटो काढायला गेले होते. आमच्या कॉलेजच्या विहिरीनं तळ दाखवला, होस्टेलची पोरं घरी पाठवली आणि उरलेल्यांना आंघोळीचं वेळापत्रक लावून दिलं. त्यावरही माझाच आडवा शिक्का होता. त्या वर्षी आमच्या भागात लोक दोनच गोष्टींची वाट बघत होते. एक पाऊस आणि दुसरा जिल्हा.

जिल्ह्याचं थोडं सांगावं लागेल. माझी आई जन्मली तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. मी जन्मले तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. माझा मुलगा जन्मला तेव्हा लातूर जिल्ह्यात. तिघंही उदगीरच्या एकाच घरात, एकाच खोलीत जन्मलो. त्यामुळे आता उदगीर हाच जिल्हा होणार यावर आमच्याकडे कोणाचाच अविश्वास नसतो. आमचे हे तर कृती समितीचे चिटणीस. घरात वाटणीच तशी झाली होती, कापडाचं दुकान भावांकडे आणि जिल्हा यांच्याकडे. राहायला लातुरात, लक्ष सगळं उदगिरात. दर सव्वीस जानेवारीला, एक मेला आणि पंधरा ऑगस्टला जिल्हा जाहीर होणार असायचा. यांना ते 'आतून' कळायचं. आत कोण बसलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या वर्षी संघमित्रा कांबळे इंटर्नशिप करत होती. वडील देवणीला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. मुलगी उंच, सावळी, कमी बोलणारी. माझ्या खिडकीशी आली की कागद आधीच क्रमानं लावलेले, टाचणी डाव्या कोपऱ्यात. अशा पोरी मला आवडतात. तिची ग्रामीण पाळी लोह्याकडच्या एका आरोग्य केंद्रात लागली होती आणि तिथून तिच्याबद्दल एक तक्रार आली. तक्रार अशी की ही डॉक्टरीण पेशंटला भलतंच विचारते.

मी तिला बोलावून विचारलं, तेव्हा तिनं एक दोनशे पानी वही पुढे केली. मुतखड्याचे पेशंट, त्यांचं गाव, कुठलं पाणी पितात, आणि बोर असेल तर किती फूट.

"मॅडम, जशी बोरं खोल जायलीत तसे पेशंट वाढायलेत. समद्या गावांत न्हाई. काही गावांतच. खालचं पाणी येगळं असणार. पण ते तपासायला मशीन पायजे, आन् माणसाच्या आत काय होतंय ते बगायला डॉक्टर बी पायजे."

"आणि तक्रार कोणाची?"

ती पहिल्यांदा हसली. "एक म्हातारी हाय. ती मनली, माय, कळ माज्या पोटात आली अन् तू बोर किती फूट हाय इचारायलीस. बोर काय माज्या पोटात हाय का?"

तिला दोन्ही एकदम करायचं होतं. दक्षिणेतली एक मोठी संस्था तिनं शोधून ठेवली होती. मला माझ्या नोकरीत तेवढी एकच मुलगी भेटली जिच्याकडे या अभ्यासासाठी खरोखर प्रश्न होता. विभागप्रमुखांनी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघून सांगितलं, आधी पीजी कर, मग बघू, घाई काय? तिनं त्यांना उत्तर दिलं ते मी दारात फाईल घेऊन उभी असताना ऐकलं. "सर, आत्ता बोरांत निस्तं खोलातलं पाणी हाय. पाऊस पडला की वरचं पाणी खाली उतरतंय. मंग नमुने मिळणार न्हाईत." सरांनी शिफारसपत्र दिलं. तेच.

गुढीपाडवा झाला आणि तिचे वडील, कांबळे, स्वतः खिडकीशी आले. चारा छावणीतून सरळ आले होते, हाताला टिंक्चरचा वास. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, त्या पिशवीवर दुसरी पिशवी.

"मॅडम, जरा इचारायचं व्हतं. त्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं जातीचं सर्टिफिकेट लागतंय मनं. आपल्याकडं हाय ते राज्याचं. तर ते नवं आत्ता काढू का जिल्हा झाल्यावर?"

शेजारच्या फीच्या खिडकीतला कारकून हसला. मी हसले नाही. आमच्याकडे हा प्रश्न शहाणी माणसं विचारतात.

"का हो, भीती कशाची?"

"माजा थोरला भाऊ. लातूर जिल्हा नुकता झाला व्हता तवा. नोकरीच्या जागेला गेला. सर्टिफिकेटावर उस्मानाबाद. साहेब मनला, आता तुजा जिल्हा लातूर, नवं घेऊन ये. नवं आणूस्तर भरती होऊन गेली. पुना कवाच लागला न्हाई तो. जलमभर रोजगारानं गेला." कांबळे पिशवीची घडी उलगडत आणि घालत होते. "आता देवणी उदगिरात जाणार मनतेत. पोरीच्या कागदावर लातूर असलं आन् तितल्या साहेबानं परत धाडलं तर? कागद एकदाच काढावा, पक्का काढावा, असं वाटतंय मला."

कागद एकदाच काढावा, पक्का काढावा. हे तर माझंच वाक्य. मी यांना फोन लावला. हे म्हणाले, "एक मे. आतून कळलंय. पाट्या रंगवायला टाकल्यात." मी फोन ठेवला आणि खिडकीच्या आतून, ज्या आवाजात मी हजारो पोरांना उद्या या म्हटलं त्याच आवाजात म्हणाले, "पंधरा दिवस थांबा, कांबळे. जिल्हा होईपर्यंत थांबा. शेवटची तारीख त्यानंतर चार दिवसांनी आहे. नव्या जिल्ह्याचं काढा, पुन्हा झंझट नाही."

संघमित्रा मागेच उभी होती. "मॅडम, आत्ता बी टाकून ठेवला अर्ज तर काय बिघडतंय? पुना काढता यील की."

"दोन दोन सर्टिफिकेटं झाली की पडताळणीवाले विचारतात," मी म्हटलं.

असा कुठलाही नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथं तयार केला. खरं सांगायचं तर जुन्या जिल्ह्याचा कागद जिल्हा बदलल्यावरही चालतो हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या स्वतःच्या सर्व्हिस बुकात जन्मस्थळापुढे जिल्हा उस्मानाबाद आहे आणि त्यावर मी तीस वर्षं पगार घेतला. कांबळ्यांच्या भावाला अडवलं ते कुठल्या तरी साहेबाच्या लहरीनं. ते मी कांबळ्यांना सांगायला हवं होतं. पण एक तर नवरा समितीचा चिटणीस. आणि दुसरं, खिडकीमागे बसणाऱ्याला 'थांबा' म्हणण्यात जो आनंद मिळतो तो तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

एक मेला हे पांढरा कडक शर्ट घालून झेंडावंदनाला गेले, खिशात पेढ्यांची पुडी. भाषण झालं. दुष्काळावर झालं, टँकरवर झालं, रेल्वेच्या पाण्यावर तर फारच झालं. जिल्ह्याबद्दल एक अक्षर नाही. हे घरी आले, पेढे फ्रीजमध्ये ठेवले आणि म्हणाले, "पंधरा ऑगस्ट. आतून कळलंय."

दोन तारखेला कांबळे अर्ज घेऊन सरकारी कार्यालयात गेले. एरवी दोन-तीन दिवसांत होणारं काम. पण तेव्हा तिथले निम्मे लोक टँकरच्या फेऱ्या तपासायला गावोगावी गेलेले आणि सही करणारे साहेब पाण्याच्या बंदोबस्तात. कांबळे तीन दिवस कार्यालयाच्या पायरीवर बसले. पायरीवर बसायला त्यांनी छावणीतून रजा घेतली होती. त्या तीन दिवसांत छावणीतली जखमी गुरं कोणी बघितली कोण जाणे.

शेवटच्या दिवशी दुपारी संघमित्रा माझ्या खिडकीशी आली. अर्जाच्या छापील प्रतीवर प्राचार्यांची सही घेतलेली, शिक्का तेवढा हवा होता. मी सवयीनं एकेक रकाना तपासत गेले. नाव बरोबर. गुण बरोबर. प्रवर्ग, खुला.

"अगं, हे काय?"

"राखीव लिवलं तर सर्टिफिकेट जोडल्याबिगर अर्ज जात न्हाई, मॅडम. खुला लिवला तर जातोय."

"एकदा लिहिलेला प्रवर्ग नंतर बदलत नाही, माहीत आहे ना? पुढच्या वर्षी भर. एका वर्षानं काय होतंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, पण ज्याला समजावून उपयोग नाही अशा माणसाकडे आपण बघतो तसं. "शिक्का मारा, मॅडम," ती म्हणाली.

मी मारला. सहीला थोडा स्पर्श करून, थोडा बाजूला. उत्तम उमटला होता.

प्रमाणपत्र आठ दिवसांनी आलं. कांबळ्यांनी ते लॅमिनेशन करून मला दाखवायला आणलं. जिल्हा लातूर.

तिला मुलाखतीला बोलावणं आलं. ती वही घेऊन रेल्वेनं गेली, दोन दिवसांनी परत आली आणि पुन्हा लोह्याकडे जाऊन बोरांची खोली विचारत बसली. निकाल लागला तेव्हा तो मी माझ्या ऑफिसातल्या त्याच संगणकावर उघडला ज्याला अप्पांनी हळद-कुंकू लावलं होतं. यादी छोटी होती. खुल्या जागा भरलेल्या, त्यात तिचं नाव नाही. खाली प्रतीक्षा यादी, क्रमांक एक, संघमित्रा मारोती कांबळे. आणि त्याच्याही खाली अनुसूचित जातीसाठी राखीव जागा, एक. त्या जागेपुढे लिहिलं होतं, पात्र उमेदवार उपलब्ध नाही.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. खिडकीशी पोरं उभी होती, काच वाजवत होती. मी त्यांना थांबा म्हणाले. तिच्यासाठीच ठेवलेली खुर्ची रिकामी होती आणि ती दाराबाहेर पहिल्या नंबरवर उभी होती. तिला बाहेर उभं करणारा जिल्ह्याचा साहेब नव्हता की दिल्लीचा बाबू नव्हता. ती मी होते. प्रतीक्षा यादी पुढे सरकली नाही.

कांबळ्यांना मीच फोन केला. मला वाटलं, दोन शिव्या देतील, आणि मला त्या हव्याही होत्या. पलीकडून गुरांचा आवाज येत होता.

"तुमी चांगल्यासाटीच सांगितलं, मॅडम," ते म्हणाले. "माजंच चुकलं. भावाचं उस्मानाबाद झालं. लेकीचं उदगीर झालं."

त्या वर्षी पाऊस असा आला की सगळं रान उपळलं, जमिनीतूनच पाणी वर यायला लागलं. बोरं भरली. गावोगावी लोकांनी फटाके वाजवले. मीही आनंदले, खोटं कशाला सांगू. फक्त संघमित्राला हवे होते ते नमुने त्याच पाण्यात मिसळून गेले. दुसऱ्या वर्षी तिनं प्रमाणपत्र जोडून, राखीव प्रवर्गात, एकही चूक न करता अर्ज भरला. तेव्हा तिला मुलाखतीलाच बोलावलं नाही. कारण कळवायची पद्धत नसते. नंतर ग्रामीण सेवेच्या बंधपत्राचा काळ आला आणि त्यात वयाची मर्यादा उलटून गेली.

आणि पुढे माझ्या निरोपसमारंभात मी सांगितलं, माझ्या टेबलावरून गेलेला एकही अर्ज त्रुटी निघाली म्हणून परत आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुखांनी सगळ्यात जोरात. वाक्य अक्षरशः खरं होतं. संघमित्राच्या अर्जात त्रुटी नव्हतीच.

निवृत्तीनंतर आम्ही लातूरचं घर भाड्यानं दिलं आणि उदगीरला राहायला गेलो. जिल्हा होताना यांना तिथं हजर राहायचं होतं. जिल्हा अजून झालेला नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही देगलूरला मुलाकडे गेलो होतो. दुपारी जेवून उठले आणि कमरेतून अशी कळ निघाली की मी जमिनीवर बसले. मुलगा आणि हे मला जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. टेबलामागे संघमित्रा बसली होती. केस थोडे पिकलेत. मागच्या फळीवर दोनशे पानी वह्यांचा ढीग, मी मोजल्या नाहीत, पण ओळखल्या. तिनंही मला ओळखलं. इंजेक्शन दिलं, पडायला लावलं, कळ थांबेपर्यंत शेजारी उभी राहिली. 

मग केसपेपर पुढे ओढला. "पाणी कुठलं पिता, मॅडम?"

"बोरचं."

"किती फूट?"

मला माहीत नव्हतं. बाहेर यांना विचारलं, ते म्हणाले, सातशे. तिनं वहीत लिहिलं. मग केसपेपरवर नाव, वय, गाव लिहिलं. तालुका उदगीर. बाहेरच्या बाकावर हे शेजारच्या पेशंटला सांगत होते, सव्वीस जानेवारी नक्की, आतून कळलंय. आवाज आत येत होता.

संघमित्राचा पेन थांबला. तिनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जिल्हा काय लिवू, मॅडम? का थांबायचं?"

मी उठून बसले. कमरेत अजून चमक होती.

"लातूर लिही," मी म्हणाले. "आत्ता लिही."